बसवलेल्यांचा कॅमेरा

आमच्या हॉस्पिटलात एक्स-रेचं डिजिटल मशीन आलं आणि जुन्या डार्करूमला कुलूप लागलं. वाशिमच्या त्या खासगी हॉस्पिटलात मी सतरा वर्षं टेक्निशियन आहे. त्यातली बरीचशी वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, फिल्म धुण्यात गेली. कुलूप लागलं तेव्हा आत फिल्मचे सहा खोके शिल्लक होते, तारीख उलटून गेलेले. डॉक्टर म्हणाले, "भंगारात देऊन टाका." मी ते रिक्षात घालून घरी आणले आणि फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले. मी एकटीच राहते, त्यामुळे हे काय म्हणून विचारणारं कोणी नव्हतं.

हजारो माणसांची हाडं मी त्या फिल्मवर पाहिली होती. मनगटं, बरगड्या, एखाद्या लेकरानं गिळलेलं नाणं. चेहरा मात्र एकाचाही काढला नव्हता. हीच फिल्म कापून जुन्या लाकडी कॅमेऱ्यात वापरता येते, असं मी कुठंतरी वाचलं होतं. तेवढ्यावरून खूळ डोक्यात शिरलं.

चार रविवार मोबाइलवर व्हिडिओ बघण्यात गेले. मोठ्या फिल्मचा कॅमेरा म्हणजे मुळात एक खोकंच. पुढं भिंग, मागं दुधी काच, मधे लोहाराच्या भात्यासारखा चुण्यांचा भाता. पण नव्या कॅमेऱ्याची किंमत पाहून मी मोबाइल पालथा ठेवला. सुताराकडून करून घ्यावा म्हटलं, तर आमचा सुतार म्हणाला, "देव्हारा सांगा ताई, दिवाण सांगा. हे मले नाई जमाचं." व्हिडिओतले जाणते लोक एकच गोष्ट परत परत सांगत होते : नवख्यानं पैसा घालायचा तो भिंगात आणि भात्यात, बाकीचं कसंही जमवता येतं. मग मी बाकीचं आधी जमवलं. शेतमोजणीच्या दुर्बिणीची जुनी लाकडी तिवई भंगारवाल्याकडं मिळाली. डोक्यावर घ्यायला डार्करूमचा काळा पडदा होताच. घड्याळवाल्यानं डोळ्याला लावायचं छोटं भिंग दिलं आणि उजेड मोजायला मोबाइल पुरला. राहिला तो कॅमेराच.

फ्रेमा करून देणाऱ्या एका दुकानदारानं सांगितलं की अनसिंगचा एक म्हातारा फोटोवाला गेल्या पावसाळ्यात वारला आणि त्याचा मुलगा सामान काढतोय. पुढच्याच सुट्टीला मी तिवई आणि पडदा घेऊन गेले.

मुलगा पुण्याहून आला होता. पन्नाशीचा, घाईतला माणूस. त्यानं ओसरीवर सतरंजी टाकून दोन कॅमेरे मांडले होते. एक सागवानी, पॉलिशनं चमकणारा, पितळी कड्यांचा. दुसरा त्याच मापाचा, पण काळपट. पहिल्याची किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती.

"आणि हा?"

"तो घेऊन जा. जे द्याल ते द्या."

एवढ्या स्वस्तात म्हणजे खोट असणार, असं धरूनच मी तपासायला घेतला. आतल्या खोलीचं दार लावलं, मोबाइलची बत्ती भात्याच्या आत धरली आणि बाहेरून चुणी न् चुणी पाहिली. भात्याला छिद्र असलं की अंधारात ते चांदणीसारखं दिसतं. एकही नव्हतं. चमकणाऱ्या कॅमेऱ्याचा भाता मात्र चार ठिकाणी गळत होता. काळपट कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी नव्हती, काचेला तडा नव्हता. शटर नव्हतंच. पितळी टोपण काढायचं, मनात आकडे म्हणायचे, टोपण लावायचं. माझी फिल्म जुनी, मंदावलेली, तिला हे चालण्यासारखं होतं. सोबत फिल्म भरायचे तीन लाकडी होल्डर, तिन्ही घट्ट बंद होणारे. स्वस्तातला कॅमेराच जास्त चांगला, हे मला उमगेना. वापरलेला कमी आणि जपलेला जास्त, असा तो होता. फक्त भाता ताणला की आतून धुपाचा वास यायचा.

ओसरीवरच कॅमेरा तिवईवर चढवला आणि पडद्याखाली शिरले. दुधी काचेवर जग उलटं दिसतं, छत खाली आणि जमीन वर. आतल्या दाराच्या चौकटीत एक म्हातारी उलटी दिसली, पांढऱ्या लुगड्यातली. अजिबात हलत नव्हती. मी भिंग मागंपुढं करून तिला स्पष्ट केलं. ती सरळ भिंगात बघत होती. पडदा बाजूला सारून डोकं बाहेर काढलं तर चौकट रिकामी.

थोड्या वेळानं तीच आतून चहा घेऊन आली. फोटोवाल्याची बायको. कप माझ्या हातात देताना खालच्या आवाजात म्हणाली, "तो नोको घेऊ बाई."

"काहून काकू?"

"तो बसवलेल्यांचा हाये."

"आई!" मुलगा एकदम बोलला. "तू आत जा बरं." मग माझ्याकडं वळून हसला. "म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेता."

मी घेतलं नाही. पैसे दिले, कॅमेरा पडद्यात गुंडाळला. निघताना ती फाटकापर्यंत आली. "झाडाझुडाचे काढजो," ती म्हणाली. "माणूस नोको बसवू त्याच्यापुढं."

महिनाभर मी खरोखर झाडंच काढली. फाल्गुन होता. न्हाणीघराला आतून पुठ्ठे लावून अंधार केला, हॉस्पिटलातला लाल दिवा टांगला, उरलेला डेव्हलपर पातळ करून घमेल्यात घेतला. एक्स-रेच्या फिल्मला दोन्ही अंगांनी उजेड पकडणारा मसाला असतो, नख लागलं तरी ओरखडा उठतो. पहिल्या आठ फिल्मा वाया गेल्यावर मी घमेल्याच्या तळाशी काच ठेवायला शिकले. या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणूनच ती लाल दिव्यात धुता येते. पण त्यामुळं फोटोत लाल ते सगळं काळं येतं. मी पेटलेला पळस काढला होता. कागदावर तो जळून कोळसा झाल्यासारखा उतरला. मला ते आवडलं, आणि थोडी भीतीही वाटली.

झाडांनी कंटाळल्यावर मी मावशीच्या गावी गेले. अनसिंगच्या पुढं सहा किलोमीटरवर खेडं आहे. माझी आई मी चार वर्षांची असताना वारली. आजीनं आणि मावशीनं मला तिथंच वाढवलं. सकाळच्या उन्हात अंगणातल्या कडुनिंबाखाली कॅमेरा लावला आणि समोर खुर्ची ठेवली. शेजारच्या आजोबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. ते धुतलेली टोपी घालून, दाढी करून आले. त्यांच्यामागं आणखी पाचसहा माणसं, बाया, मजा बघायला.

आजोबा खुर्चीपर्यंत आले. कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि थांबले.

"हा कोठून आनला?"

"अनसिंगहून."

त्यांनी पायातल्या चपला काढल्या. कॅमेऱ्याला हात जोडले, वाकून नमस्कार केला, चपला हातात घेतल्या आणि न बोलता परत गेले. मागची माणसंही एकेक करून पांगली. एका बाईनं कडेवरच्या लेकराचे डोळे पदरानं झाकले. पाच मिनिटांत अंगणात मी, खुर्ची आणि कॅमेरा एवढंच उरलं. शेजारचं दार आतून लावल्याचा आवाज आला.

मावशी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिनंही कॅमेरा ओळखला. ओळखला हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण ती उंबरठ्याबाहेर आलीच नाही.

"झाक त्याले," ती म्हणाली. "आदी झाक, मंग सांगतो."

मी पडदा टाकला.

"अनसिंगच्या फोटोवाल्याचे दोन कॅमेरे होते," ती म्हणाली. "येक लग्नाले, बारशाले. अन् हा मयताले. मेल्यावर घरात येक तरी फोटो राहावा म्हनून लोक त्याले बलावत. खुर्चीत बसवत, अंघोय घालून, नवे कपडे घालून. मंग हा यायचा. जित्या माणसाले त्यानं याच्यासमोर कधी बसवलं नाई."

बसवलेल्यांचा. मला त्या म्हातारीचा शब्द तेव्हा कळला. धुपाचा वासही कळला. ज्या ज्या घरात हा कॅमेरा उघडला असेल तिथं उदबत्त्या, धूप जळत असणार. तो वास भात्याच्या चुण्यांत बसला होता, आणि महिनाभर मी पडद्याखाली त्यात तोंड घालून उभी राहत होते.

"पण त्या फोटोंत तर डोळे उघडे असतात," मी म्हटलं. गावात घरोघरी हार घातलेले तसे फोटो मी लहानपणापासून पाहिले होते. "मेलेल्याचे डोळे कसे उघडे राहतील?"

 मावशी वळून आत बघत होती. तिची नजर गेली तिकडं मीही पाहिलं. समोरच्या भिंतीवर माझ्या आईचा फोटो होता.

आईचा तेवढा एकच फोटो. खुर्चीत ताठ बसलेली, मागं चादर ताणलेली, पदर डोक्यावरून हनुवटीखाली घट्ट घेतलेला. मी त्याच फोटोकडं बघून मोठी झाले. पदर असा का, असं एकदा विचारलं तर मावशी म्हणाली होती, लाजत होती. दहावीचा निकाल, पहिला पगार, सगळं मी त्या डोळ्यांना सांगितलं होतं.

"हनुवटी पडू नये म्हनून बांधला होता," मावशी म्हणाली. "अन् चादरीमांगं मी होती. तिचे खांदे धरून. मी चौदा वर्साची होती तवा. फोटोवाल्यानं म्हटलं, हलू नोको, तुह्या हातानं ती हलीन. म्या श्वास धरला."

मी फोटो भिंतीवरून उतरवला आणि दारात उजेडात नेला. चाळीस वर्षांत मी तो हातात घेऊन कधी पाहिला नव्हता. आईच्या दोन्ही खांद्यांजवळ चादर आतून उचललेली होती. घड्याळवाल्याचं भिंग लावून पाहिलं तेव्हा चार बोटांचा उठाव वेगवेगळा दिसला. मग भिंग मी डोळ्यांवर नेलं. बुबुळं शाईची होती. कुंचल्याचा एकेक फटकारा दिसत होता.

त्या दिवशी मावशीकडं जेवण गेलं नाही. तिलाही नाही, मलाही नाही.

आठवडाभर कॅमेरा घरात पडद्याखाली होता. मी त्या खोलीत जायचं टाळत होते. विकून टाकावा असं वाटलं, पण ओळखणारा घेणार नाही आणि न ओळखणाऱ्याला सांगावं लागेल. शेवटी रविवारी मी तो तिवईसकट, मावशीकडं नेताना भरलेल्या होल्डरांसकट उचलला आणि अनसिंगला परत गेले. पैसे परत नकोत, फक्त वस्तू ठेवून घ्या, असं म्हणायचं ठरवलं होतं.

मुलगा पुण्याला निघून गेला होता. काकू एकटीच ओसरीवर बसली होती. तिचे डोळे आता मला नीट दिसले, मोतीबिंदूनं निळसर झालेले. माझ्या हातातलं ओझं पाहून म्हणाली, "माणूस बसवला वाट्टे?"

"बसला नाही कोणी. पळाले."

ती हसली. मग मी पिशवीतून आईचा फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला. "हे डोळे काकांनी काढले का?"

तिनं फोटो हातात घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, उजेडाकडं तिरपा केला आणि अंगठा काचेवरून फिरवला.

"त्यायचा हात थरथरे," ती म्हणाली. "डोये मीच काढत होती. निगेटिव्हवर पापणीच्या जागी पेन्सिल घासाची, म्हंजे छापल्यावर तेवढं पांढरं येते. मंग फोटोवर शाईनं बाहुली. माह्या हातचे डोये या साऱ्या खेड्यायच्या भितीवर हायेत."

हे तिनं भाकरी थापण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं.  मी त्या सगळ्या भिंती आठवल्या. शाळेच्या वाटेवरची घरं, हारांमागचे ते चेहरे. वेगवेगळ्या घरांतली माणसं एकाच तऱ्हेनं बघतात असं मला लहानपणी वाटायचं आणि मी वाटेवरून पळत सुटायचे.

"पण तुम्ही त्यांना जिवंतपणी पाहिलेलं नसायचं. मग डोळे कसे यायचे?"

"घरच्यायले इचारो. कोनी म्हने मोठे होते, कोनी म्हने घारे. कोनाले सांगताच ये ना." ती पुन्हा फोटोवर वाकली. "हे ध्यानात हाये मले. हिचा नवरा आला होता, पोरगी कडेवर घेऊन. म्या इचारलं, डोये कसे होते? तो बोलेच ना. लई येळ उभा राह्यला. मंग त्यानं पोरीले माह्यापुढं उभं केलं अन् म्हटलं, असे."

मी फोटोकडं पाहिलं.

"पोरगी रडली नाई. पाहून राह्यली माह्याकडं. तिच्याकडं पाहून काढले म्या हे."

"ती मीच," मी म्हटलं.

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तिला कितपत दिसलं कोण जाणे. हात पुढं करून तिनं माझ्या भुवईला बोट लावलं, मग पापणीला, आणि म्हणाली, "हो. हेच होय."

चाळीस वर्षं मी भिंतीवरच्या माझ्याच डोळ्यांशी बोलत होते. आईचे डोळे कसे होते ते मला माहीत नाही. वडील आणि आजी केव्हाच गेले, आता सांगणारी मावशी सोडली तर कोणी नाही. मावशीला अजून मी विचारलेलं नाही.

 मग काकूच म्हणाली, "कॅमेरा आनला हाये तं लाव. बसतो मी."

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

"लोकायले नोको म्हटलं. मी काय लोक हाये? त्यायनं अख्ख्या जिल्ह्याचे फोटो काढले, माहा येक नाई. लाव."

ओसरीवर उजेड कमी होता. मोबाइलनं आठ सेकंद सांगितले. मी तिला खांबाला टेकून बसवलं, पडद्याखाली जाऊन भिंग जुळवलं. दुधी काचेवर ती उलटी होती, पहिल्या दिवशीसारखीच, पांढरी आणि निश्चल.  होल्डर घातला, त्याची फळी वर ओढली, टोपणाला हात लावला आणि म्हटलं, "काकू, हलायचं नाही. पापणी मिटली तरी चालेल, पण मान हलवू नका."

"मले नोको सांगू," ती म्हणाली. "हलत कोन नाई ते मले माहीत हाये."

मी टोपण काढलं. एक, दोन, तीन. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. ती हलली नाही. पाच, सहा. तिचा श्वासही दिसेना. सातला मला इतकी भीती वाटली की मी आकडा म्हणायला विसरले आणि टोपण लावायला किती उशीर झाला ते कळलं नाही. लावलं तेव्हा ती तशीच होती.

"काकू?"

काहीच नाही.

"काकू!"

"झालं का?" ती म्हणाली आणि गुडघे चोळू लागली.

फिल्म मी त्याच संध्याकाळी धुतली. जास्त उजेड खाल्ल्यामुळं थोडी दाट आली, पण आली. लाल दिव्याखाली आधी खांब उमटला, मग लुगडं, मग चेहरा. कागदावर छापल्यावर पाहिलं तर सुरकुती न् सुरकुती स्पष्ट होती. डोळे तेवढे नव्हते. त्या आठ-दहा सेकंदांत तिनं कितीदा पापण्या मिटल्या असतील. उघडे आणि मिटलेले एकावर एक बसून तिथं नुसतं करडं धुकं आलं होतं. चेहरा बघत होता आणि बघतही नव्हता.

तो फोटो तिला नेऊन देताना मला संकोच वाटत होता. तिनं नाकाजवळ धरून पाहिला, बराच वेळ.

"डोये नाई आले?"

"नाही आले. पुन्हा काढू या, अंगणात, उजेडात. एका सेकंदात होईल."

"राहू दे. हे बरं हाये." तिनं फोटो पदरात घेतला. "पण येक काम कर माहं. मी गेली म्हंजे तू ये. पोरगा मोबाइलवर काढीन, ते नोको मले. हाच कॅमेरा आन."

 मी म्हटलं, "असं काय बोलता काकू."

"अन् डोये काढू नोको," ती म्हणाली. "मिटलेले असतीन तं मिटलेलेच राहू दे. लई लोकायचे उघडले म्या. कोनाले इचारलं नाई."

मी हो म्हटलं.

कॅमेरा आता माझ्याकडंच आहे. मी झाडं काढते, विहिरी काढते. परवा मावशीच्या गावचे आजोबा निरोप पाठवून म्हणाले की दुसरा कॅमेरा आणलास तर बसतो. दुसरा घेण्याची माझी ऐपत नाही. अनसिंगला महिन्यातून एकदा जाते, काकू चहा करते, आम्ही त्या विषयावर बोलत नाही. तिची तब्येत चांगली आहे.

तीन होल्डरांपैकी दोन मी वापरते. तिसरा भरून ठेवलेला असतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात फिल्म करपते, म्हणून तो फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांमागं असतो, आणि दर दोन महिन्यांनी मी लाल दिव्याखाली त्यातली न वापरलेली फिल्म काढून नवी घालते.